अक्षरांच्या डोक्यावरच्या पेट्या

पहिल्या वर्षी माझा बॅक लागला तो कलेच्या इतिहासात. ड्रॉइंग निघालं, रंग निघाला, ज्या लेटरिंगला अख्खा वर्ग घाबरायचा तेही निघालं. राहिला तो हा एकच पेपर. रिझल्ट मोबाइलवर पाहिला तेव्हा मी नागपुरात बर्डीवर तर्री-पोहे खात उभी होते. बाबांना फोन केला. ते महावितरणमध्ये लाइनमन. ड्यूटीवरच होते, मागे शिडी सरकवल्याचा आवाज येत होता. म्हणाले, "चित्रकलेच्या कॉलेजात जाऊन इतिहासात नापास झाली तू? मग बी.ए. काय वाईट होतं?"

बोलले ते चुकीचं नव्हतं. पोहे तसेच ठेवून घरी आले.

मी या कोर्सला आले ती ग्राफिक डिझायनर व्हायला. कॉलेजच्या कागदावर त्याला उपयोजित कला म्हणतात, तोंडात सगळ्यांच्या 'अप्लाइड'. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट झाल्या होत्या, इंटरमीजिएटला बी ग्रेड. बारावीनंतर राज्याची सीईटी दिली: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान. आमच्या मोठ्या बाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा, समज असा की मी दुकानांचे बोर्ड रंगवायला शिकणार. "आजकाल तर फ्लेक्स निघाले न, हातानं कोण करून राहिलं?" असं ते दर रविवारी विचारायचे. मी त्यांना लोगो, पॅकेजिंग, ब्रँडिंग असे शब्द ऐकवायचे आणि ते पेपरात तोंड घालायचे.

पहिलं वर्ष फाउंडेशनचं. पेंटिंगवाले, शिल्पवाले, अप्लाइडवाले सगळे एकाच वर्गात. त्या वर्षातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते लेटरिंग. सरांनी पहिल्या दिवशी बोरू कापायला लावला. माझ्याकडे इंग्रजी कॅलिग्राफीचा निबांचा सेट होता, मामांनी वाढदिवसाला दिलेला. मी ऐटीत तो काढला आणि 'अ' काढला. सरांनी नुसतं पाहिलं आणि पुढे गेले. दोन तासांनी पुन्हा आले तेव्हा म्हणाले, "तुझ्या 'अ'ला पाठीत कुणी मारलं काय?" इंग्रजी निबेची जीभ एका बाजूला तिरकी आणि देवनागरीच्या बोरूची दुसऱ्या बाजूला. इंग्रजीची निब घेऊन मराठी लिहिलं की जाड रेघ नको तिथे येते, बारीक नको तिथे. अक्षर ओळखू येतं, पण आजारी दिसतं. हे मला अठरा वर्षं मराठी लिहून माहीत नव्हतं.

सरांचं आणखी एक वाक्य डोक्यात बसलं: "इंग्रजी अक्षरं ओट्यावर बसतात, आपली दोरीवर लटकतात." म्हणून आपल्याकडे आधी शिरोरेषा आखायची आणि तिला अक्षर टांगायचं. मी महिनाभर 'क' टांगत होते. पावपट कागद, काळा पोस्टर कलर, चार नंबरचा ब्रश. रेघेच्या कडेला केसाएवढा थरथराट आला की पांढरा लावून दुरुस्ती, पांढरा वर आला की पुन्हा काळा. शेवटी त्या 'क'वर रंगाचा इतका थर चढला की नखाने पोपडा निघाला.

आणि इतिहास? त्याला दिवाळीपर्यंत तासिकेवरचे एक सर होते, दिवाळीनंतर कुणीच नव्हतं. सिनिअर्सच्या नोट्स फिरत होत्या, झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात लास्कोच्या गुहेतला बैल, मायकेल अँजेलोचा डेव्हिड आणि मोनालिसा यांत फरक करता यायचा तो खालच्या नावावरून. तिघंही सारखेच काळे. मी सनावळ्या पाठ केल्या. 'लघुटिपा लिहा'मध्ये जे आलं त्यात चार वाक्यं आणि दोन सन लिहिले. पेपर तपासणाऱ्याने बरोबरच केलं.

दुसऱ्या वर्षी नवीन मॅडम आल्या. बॅकवाल्यांना त्यांनी वेगळं बसवलं. आम्ही सहा जण होतो. पुस्तक उघडलंच नाही. एका सकाळी आम्हाला दीक्षाभूमीवर नेलं, बाहेर सावलीत बसवलं आणि सांचीच्या स्तूपाचा एक फोटो हातात दिला. "फरक सांगा."

आम्ही घुमटाचा आकार, तोरणं, कठडा असं काहीबाही सांगत राहिलो. आमच्यातला एक मुलगा नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतला, लहानपणापासून आजीचं बोट धरून तिथे येणारा. तो म्हणाला, "मॅडम, सांचीत आत जाता येत नाही. इथं येते."

मॅडम खूश झाल्या, पण पुढचा प्रश्न विचारायला विसरल्या नाहीत: का? सांचीचा स्तूप भरीव आहे. अशोकाच्या काळातला विटांचा गाभा, त्यावर नंतर चढवलेला दगड. अवशेषांवर रचलेला ढीगच तो, माणसाने त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. दीक्षाभूमीचा स्तूप वास्तुविशारद श्यो दान मल यांनी सांचीच्या रूपावरूनच बेतला, २००१ साली तो खुला झाला, पण तो आतून पोकळ आहे. मधोमध बाबासाहेबांच्या अस्थी आणि भोवती माणसांना उभं राहायला जागा. १४ ऑक्टोबर १९५६ला जिथे लाखो माणसं एकत्र आली तिथे बांधायची वास्तू माणसांना बाहेर ठेवून कशी चालेल? आकार तोच, काम बदललं, म्हणून आतलं बदललं.

त्या दिवशी मी वहीत 'पोकळ / भरीव' एवढंच लिहिलं. पुढे हे दोन शब्द माझ्या इतके कामाला येतील असं वाटलं नव्हतं.

बॅक निघाला. पण मी अजून 'इतिहास म्हणजे पास व्हायचा विषय' यातच होते. ते बदललं ते तिसऱ्या वर्षी, तेही एका इंग्रजी फाँटमुळे. टायपोग्राफीच्या तासाला ट्रेजन फाँटची गोष्ट निघाली. रोममध्ये सम्राट ट्रेजनचा स्तंभ आहे, इसवी सन ११३ चा. त्याच्या पायथ्याशी कोरलेल्या अक्षरांवरून कॅरल ट्वॉम्बली या डिझायनरने १९८९मध्ये ॲडोबीसाठी फाँट केला. तो जगभरातल्या सिनेमाच्या पोस्टरांवर पोचला. त्या रोमन अक्षरांच्या टोकांना असलेले ठसठशीत पाय छिन्नीमुळे आले असं आधी मानत. एडवर्ड कॅटिच नावाच्या अमेरिकन पाद्र्याने मांडलं की अक्षरं आधी सपाट ब्रशने लिहिली जात, मग कोरली जात, आणि ते पाय ब्रशचे आहेत. हा माणूस पाद्री होण्याआधी बोर्ड रंगवायचा! हे मी घरी येऊन मोठ्या बाबांना मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, "पाय तर पाय. चहा घे."

माझ्या डोक्यात मात्र एकच किडा. रोमच्या दगडातलं अक्षर कॉम्प्युटरवर आलं, मग आपल्याकडच्या दगडातलं?

मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "लायब्ररीत जा, मिराशींचा खंड काढ." वा. वि. मिराशी नागपूरच्याच मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवायचे. वाकाटकांचे, म्हणजे विदर्भावर राज्य केलेल्या जुन्या राजघराण्याचे, तोवर सापडलेले कोरीव लेख आणि ताम्रपट त्यांनी एका मोठ्या इंग्रजी खंडात संपादित केले, तो १९६३ साली निघाला. मागच्या पानांवर ठशांचे फोटो: काळ्यावर पांढरी अक्षरं. मला एक अक्षर वाचता येईना, पण पाहिलं आणि हसूच आलं. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक छोटी चौकोनी पेटी! ओळीच्या ओळी, जशी सगळी अक्षरं टोपी घालून पंगतीला बसली आहेत. याला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. काही लेखांत त्या पेट्या आतून पोकळ, काहींत भरीव.

शिरोरेषा नव्हती. दोरी नव्हतीच. प्रत्येकाच्या डोक्यावर आपापली खुंटी.

मग अजब बंगला. मध्यवर्ती संग्रहालय म्हटलं तर नागपुरात कुणी पत्ता सांगणार नाही, अजब बंगला म्हटलं की रिक्षावाला नेऊन सोडतो. १८६३ सालचं हे संग्रहालय मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं ते पेंढा भरलेल्या वाघासाठी. या वेळी मी उत्साहाच्या भरात सोमवारी गेले आणि बंद फाटक पाहून परतले. मंगळवारी पुन्हा. ताम्रपट पाहताना पहिलं लक्षात आलं ते त्यांचं लहानपण. पुस्तकातल्या फोटोवरून मला ते दाराएवढे वाटले होते, प्रत्यक्षात वहीच्या पानासारखे. एवढ्याशा जागेत राजाची अख्खी वंशावळ, दान दिलेल्या गावाच्या चारही सीमा आणि कुणी मोडलं तर काय पाप लागेल तेही. डावीकडून थोडं वाकून पाहिलं की छिन्नीच्या खोबणीत उजेड साचतो आणि पेट्या दिसतात. समोर सरळ उभं राहिलं तर नुसता हिरवट तांब्याचा पत्रा. मी तासभर डावीकडे वाकून होते. चौकीदार दोनदा चक्कर मारून गेला.

वाकाटकांच्या या दानपत्रांची सुरुवात 'दृष्टम्' या शब्दाने होते. म्हणजे 'पाहिलं'. मजकूर तपासून पाहिला, असा दप्तराचा शेरा. दीड हजार वर्षांपूर्वी रामटेकजवळच्या नंदिवर्धनात, म्हणजे आजच्या नगरधनला, कुणी कारकून पत्रा हातात घेऊन 'पाहिलं' म्हणत असणार. मला फाँटचं नाव मिळालं: दृष्ट.

आई म्हणाली, "अवं, कुणी पोरीच्या कामाचं नाव दृष्ट ठेवते काय? लागंल न." तिने खरंच मीठ-मोहऱ्या घेऊन लॅपटॉपवरून ओवाळल्या. लॅपटॉप सेकंडहँड होता, त्याला कोणाची दृष्ट लागणार देव जाणे.

त्याच वर्षी स्टडी टूर अजिंठ्याला गेली. रात्रीची गाडी जळगावपर्यंत, तिथून बस. सगळे पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्राकडे धावले, मीही धावले, खोटं कशाला बोलू. मॅडमनी तिथे रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट सांगितली. १८४४पासून त्याने इथल्या चित्रांच्या मोठमोठ्या प्रती केल्या. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या १८६६च्या आगीत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या आर्ट स्कूलची मुलं घेऊन १८७२मध्ये आला, पुन्हा वर्षानुवर्षं प्रती, आणि १८८५मध्ये त्यातल्याही कितीतरी लंडनलाच जळाल्या. आम्ही स्केचबुक उघडून उभे. माझी मैत्रीण पुटपुटली, "म्हणजे आपलं सबमिशन हरवलं तर रडायचं नाही."

सोळाव्या लेण्याकडे मी एकटी मागे राहिले. खाली दोन दगडी हत्ती, वर लेणं, आणि बाहेरच्या डाव्या भिंतीवर लेख. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हे लेणं दान दिलं, असं त्यात आहे. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम. माझी मावशी वाशिमला राहते. लहानपणापासून वाशिम म्हणजे माझ्यासाठी मावशीच्या घरची पाण्याची टंचाई. भिंत पुष्कळ झिजली आहे, पण मान तिरकी करून पाहिलं की तिथेही त्याच पेट्या.

चौथ्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून हाच विषय घेतला. गाइड लेटरिंगचेच सर. त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावलं की वाकाटकांची अक्षरं जशीच्या तशी उचलायची नाहीत. आज ती कोण वाचणार? अक्षरं आजच्या देवनागरीची ठेव, गुण त्यांचा आण. सोपं वाटलं. मी शिरोरेषा काढून टाकली आणि प्रत्येक अक्षराच्या दांड्यावर पोकळ पेटी बसवली. प्रिंट काढून सरांना दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मला यात पेट्या मोजता येऊन राहिल्या, शब्द वाचता येत नाही."

खरं होतं. शिरोरेषा गेली की मराठी शब्दाची मोट सुटते, डाळ सांडल्यासारखी अक्षरं पसरतात. वाकाटकांना चाललं कारण ते शब्दांमध्ये जागाच सोडत नव्हते. सगळी ओळच एक. आम्हाला शब्द वेगळे लागतात. शेवटी केसाएवढी बारीक शिरोरेषा ठेवली आणि पेटी फक्त दांडा जिथे तिला मिळतो तिथे. 'ग' आणि 'ण'ला एक, 'ट' आणि 'ठ'ला कुठे बसवायची यावर दोन आठवडे गेले.

बाकी काम फाँटफोर्ज या फाँट बनवायच्या सॉफ्टवेअरवर, कारण ते फुकट आहे. त्यात कळलं की मराठी फाँट म्हणजे बाराखडी नव्हे. मराठीचा पाकळीचा 'ल' आणि शेंडीफोड्या 'श' वेगळे काढावे लागतात. राज्य सरकारने २००९च्या निर्णयात तसं सांगितलंच आहे, तरी निम्म्या बोर्डांवर हिंदीवाले दिसतात. 'दर्या' आणि 'दऱ्या' दोन्ही नीट उमटले पाहिजेत. रफार तर पक्का नाठाळ: टाइप करताना 'र' आधी, आणि दिसताना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. तिथे माझी पेटी आधीच बसलेली. कॉलेजच्या लॅबमधल्या मंगल फाँटला आम्ही सगळे नावं ठेवायचो. तो र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकाराने केला, तेही स्क्रीनवर मोजके ठिपके मिळायचे त्या काळात, हे कळल्यावर मी गप्प झाले. माझ्याकडे अक्षर आखायला हजार युनिटांचा चौकोन होता आणि मला एक रफार बसवता येत नव्हता.

ज्युरीसाठी, म्हणजे परीक्षकांपुढे प्रोजेक्ट मांडायच्या दिवसासाठी, छोटी पुस्तिका छापायची होती. नागपूरच्या महाल भागातल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये दोनशे प्रती छापायला दिल्या. दुसऱ्या दिवशी गेले तर मशीनवरच्या काकांनी छापलेल्या कागदाचा एक फर्मा पुढे केला. "ताई, पाहा न. अक्षरांच्या डोक्यात उवा झाल्यावानी दिसून राहिल्या."

मथळे झकास होते. मजकूर मात्र मी १० पॉइंटात लावला होता, त्याच फाँटमध्ये. सगळ्या पेट्यांत शाई भरली होती, काही पूर्ण, काही अर्धवट. उवाच. काका पुन्हा पुन्हा सांगत होते की मशीन बरोबर आहे, आणि होतीच. घरी येऊन हिशेब केला: पेटी ९० युनिट, आतली पोकळी ४०. १० पॉइंटात ती पोकळी जेमतेम ०.१४ मिलिमीटर. कागदावर शाई थोडी पसरतेच, तिला एवढी जागा कशाला सोडेल? मी स्क्रीनवर मोठं करकरून काम केलं होतं, खऱ्या मापाची प्रिंट एकदाही काढली नव्हती. चूक शंभर टक्के माझी. कागदाचे पैसे बाबांनी दिले, काही बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

ज्युरीला सहा दिवस. पेट्या काढून टाकाव्या असं वाटत होतं. रात्री जुनी वही उलटताना 'पोकळ / भरीव' दिसलं. वाकाटकांच्याही काही पेट्या भरीव होत्याच की! मग मी दोन फाँट केले. मथळ्यांसाठी पोकळ पेटीचा. मजकुरासाठी भरीव, पेटी थोडी लहान, शिरोरेषा थोडी जाड. शाई भरणारच आहे तर आपणच भरून ठेवू. प्रत्येक अक्षर १० पॉइंटात प्रिंट काढून, हातभर लांब धरून पाहिलं. दुसऱ्यांदा फक्त वीस प्रती छापल्या. काकांनी भिंग लावून पाहिलं आणि फर्मा बाजूला ठेवत मान हलवली.

ज्युरीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पुस्तिकेपेक्षा तो बिघडलेला फर्माच जास्त वेळ पाहिला. मी तो मुद्दाम डिस्प्लेवर लावला होता, सरांचं ऐकून. पहिला प्रश्न: "ही चूक डिझायनरची की प्रेसची?" मी माझी म्हटलं. दुसरा प्रश्न रफाराचा. त्याचं धड उत्तर देता आलं नाही आणि तिथले मार्क गेले.

आता मी मिठाईची पॅकिंग करणाऱ्यांकडे काम करते. संत्रा बर्फीचे बॉक्स, दिवाळीला चिवड्याची पाकिटं. तिथे 'दृष्ट' कुणाला नको आहे, आणि ते बरोबरच आहे. बर्फीच्या बॉक्सवर बर्फी दिसली पाहिजे.

परवा मोठे बाबा स्वतःहून आले. दादाच्या मुलाचं बारसं, पत्रिका छापायची आहे. "तुझ्या त्या टोपीवाल्या अक्षरात कर," म्हणाले, "फ्लेक्सवाल्याचं नको." मुलाचं नाव ठरलंय शौर्य. 'शौ'ला वर दोन मात्रा, लगेच शेजारी 'र्य'चा रफार, आणि त्यांच्यामध्ये माझ्या पेट्या. सोळा प्रकारे बसवून पाहिलं, दरवेळी मात्रा आणि रफार एकमेकांच्या अंगावर जातात. वहिनीला हळूच विचारलं, दुसरं एखादं नाव डोक्यात होतं काय. ती हसली, तिला गंमत वाटली. बारसं शनिवारी आहे, फाइल गुरुवारी महालात द्यायची आहे, आणि रफार अजून बसलेला नाही.